दुसऱ्याच्या कपड्यांत बसायचं काम

त्या दिवशी गॅरेजमध्ये आम्ही चौघं होतो. एन्झो, चित्रं काढणारा इटालियन म्हातारा, तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढचा. मिसिसागाचे डॉक्टर मोघे, रिटायर झालेले, त्यांनी चित्र काढायला दिलं होतं. त्यांची थोरली बहीण मथुताई, पुण्याहून भावाजवळ राहायला आलेल्या, ऐंशी पार. आणि मी, हौसाबाई. पाचव्या नलिनीबाई, डॉक्टरांच्या बायको. पण त्या जाऊन वर्ष झालं होतं. त्या लाकडी स्टँडवर होत्या, अजून ओल्या. तोंड त्यांचं होतं. मानेखालचं सगळं माझं.

इथल्या मराठी मंडळाच्या बाईंनी सांगितलं, दिवाळीच्या अंकात तुमच्या कामाबद्दल लिहा. मी चौथी शिकले. मी बोलते, सूनबाई लिहिते. तिला सांगून ठेवलंय, माझं बोलणं सुधारू नको.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर कुणाला कळायचं नाही. मोठ्या माणसाला आपलं चित्र काढून हवं असतं, पण बसायला वेळ नसतो. तोंड द्यायला तो दोन-तीनदा येतो. तोंड लवकर होतं. मखमलीची बाही, तिच्या चुण्या, फरची कड, हात, बोटातली अंगठी, यालाच आठवडे लागतात. तेवढे आठवडे त्याचे कपडे घालून, त्याच्या जागी, कुणीतरी बसावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. सहा-सात वर्षं हे काम केलं. किती लोकांच्या घरात भिंतीवर माझे खांदे आहेत, मला सांगता यायचं नाही.

मुलगा ब्रॅम्पटनला वेअरहाऊसमध्ये होता, सून डे केअरमध्ये, आणि आम्ही सगळे बेसमेंटमध्ये. मी प्लाझातल्या अल्टरेशनच्या दुकानात पँटी आखूड करायची. एक दिवस हा म्हातारा एक जुन्या चित्राचा कागद घेऊन आला. म्हणाला, अशी बाही शिवता येईल का. बघते तर काय, निळी मखमल, आणि तिला उभ्या चिरा पाडलेल्या. चिरांतून आतलं पांढरं कापड फुगून बाहेर आलेलं.

मी म्हटलं, "चांगलं कापड फाडायचं कशाला?"

तो म्हणाला, "आतलं पांढरं दिसायला पाहिजे. पांढरं घालणं सोपं, पांढरं ठेवणं महाग. पांढरं दिसलं की कळतं, याच्या घरी धुणारी आहे."

"मग ती धुणारी चित्रात कुठं आहे?"

त्यानं कागदातल्या एका चिरेवर बोट ठेवलं. म्हणाला, "ती त्या पांढऱ्यात आहे."

त्याचं इंग्लिश तसलंच आणि माझं त्याहून तसलं. दोघांचं मिळून एका माणसापुरतं होईल एवढं. पण आमचं कधी अडलं नाही.

बाही शिवून मी रिचमंड हिलला त्याच्या घरी नेऊन दिली. तीन बस बदलून. घराच्या गॅरेजमध्ये त्यानं चित्रांची खोली केली होती, उत्तरेला मोठी खिडकी. दार उघडलं आणि मला जवसाचा वास आला. त्याचे रंग जवसाच्या तेलात घोटलेले. आमच्या कऱ्हाडच्या घरी आई जवस भाजायची तोच वास, फक्त जरा ओला. बाहेर बर्फ, आत आईचं स्वैपाकघर. मी दारातच उभी राहिले.

तो म्हणाला, घालून बस जरा, कशी पडते बघू. मी बसले. त्यानं कागद घेतला. कागदावरून हात फिरवत बसला, फिरवत बसला. मग घड्याळ बघून म्हणाला, "दोन तास झाले. तू हलली नाहीस."

"सवय आहे," मी म्हटलं.

"कसली सवय?"

"बसायची."

तिथून मी त्याच्याकडं लागले. दुकान तीन दिवस, एन्झो तीन दिवस.

एका जागी बसलं की आधी पाठ दुखते, मग पाय जातात. मग तासाभरानं अंग कुठं संपतं आणि खुर्ची कुठं लागते ते कळेनासं होतं. खिडकीत बर्फ पडत असायचं, एकसारखं, आवाज न करता. मला वाटायचं बर्फ खाली येत नाही, आपणच खोलीसकट वर चाललोय. कुणाचा तरी काळा झगा अंगावर, कुणाची तरी साखळी गळ्यात. मी कधी कृष्णेच्या घाटावर असायची, कधी मुलगा लहान व्हायचा, कधी मी काहीच नसायची, नुसती मखमल असायची. तिच्यावर उजेड सरकत जायचा आणि एन्झो त्या उजेडामागं धावायचा. उजेड गेला की तो म्हणायचा, "फिनितो," म्हणजे संपलं, आणि मी परत हौसा व्हायची. त्याला ह म्हणता यायचा नाही. तो मला औसा म्हणायचा.

चहाच्या वेळेला तो एक जाड पुस्तक काढायचा, चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या त्याच्या देशातल्या चित्रांचं. त्यानं मला ती चित्रं वाचायला शिकवलं. अक्षरं कमी येत होती, पण ही चित्रं मला वाचता यायला लागली.

पार जुन्या चित्रांत माणूस नाण्यावरच्या राजासारखा, एका बाजूनं. त्याला बघायचं, त्यानं बघायचं नाही. मग कुणाला तरी वाटलं, याला जरा आपल्याकडं वळवावं. वळला की त्याचे दोन्ही डोळे आले, आणि मग त्याला लपायला जागा राहिली नाही. त्याच्यापुढं एक कठडा काढायचे, आपल्या ओट्यासारखा. माणूस कठड्याच्या पलीकडं, आपण अलीकडं. म्हणजे जवळ आहे, पण शिवायचं नाही. काळे कपडे दिसले तर गरीब समजायचं नाही. दाट काळा रंग बसवणं तेव्हा लई खर्चाचं होतं. फर बाहेरून नाही, आतून लावायची, आणि कडेला बोटभर दिसू द्यायची. मला हे फार आवडलं. बोटभर दाखवायची, म्हणजे बघणारा आत किती असेल याचा अंदाज करत बसतो. हातमोजे असले तर घालायचे नाहीत, नुसते धरायचे. ज्याला कामच नाही तोच मोजे हातात धरून बसेल.

"आणि हात?" मी विचारलं.

एन्झो म्हणाला, "कपडे सांगतात माणूस कुठं बसलाय. हात सांगतात तिथवर कसा आला."

तो स्वतः या देशात आला तेव्हा पंचवीस वर्षं लोकांच्या घरांना रंग देत होता. भिंतींना. त्याचे हात माझ्यापेक्षा वाईट होते.

गिऱ्हाइकं एकेक असायची. एक ट्रकवाले सरदारजी होते, आमच्याच ब्रॅम्पटनचे. त्यांना पुस्तकातल्या काळ्या झग्यातल्या सरदारासारखं व्हायचं होतं. त्यांचा झगा मी शिवला आणि दोन खांद्यांना दोन उशा बांधून मीच त्यात बसले. ते बघायला आले आणि दारातच हसायला लागले. "बहनजी, आप तो मुझसे ज्यादा मालिक लगते हो." हातात काय धरायचं यावर दोन आठवडे गेले. मोजे नको म्हणाले, पुस्तक नको म्हणाले. शेवटी त्यांनी खिशातनं ट्रकची किल्ली काढली, पहिल्या ट्रकची, तो कधीच भंगारात गेलेला. एन्झोनं ती किल्ली अशी रंगवली, की एखाद्या किल्ल्याची असेल असं वाटावं. मागं जुन्या चित्रांत डोंगर आणि नदी असते तिथं एक बारीक रस्ता काढला, आणि रस्त्यावर नखाएवढा ट्रक.

सरदारजी म्हणाले, "थोडा मुस्कुराता बना दो."

एन्झो म्हणाला, "नाही. मोठा माणूस हसत नाही. हसायचं काम त्याच्या समोरच्याचं."

मी हे त्यांना हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, "यह बात मेरी घरवाली को भी समझा दो."

अशी मजा चालायची. आता डॉक्टरांचं सांगते.

डॉक्टर मोघे आले ते नोव्हेंबरात, टॅक्सीनं. गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं. उंच, सडपातळ, बोलणं एकदम नेमकं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाच्या बाजूला बघत होते. मला वाटलं, माणूस गर्विष्ठ आहे. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग चालला होता. समोर बघितलं की माणसाच्या तोंडाच्या जागी धुरकट ठिपका. बाजूला बघितलं तर कडेनं जरा दिसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, उन्हाळ्यापर्यंत धरा, पुढचं सांगता येत नाही.

त्यांना नलिनीबाईंचं चित्र हवं होतं, मोठं, मागं काळोख आणि तोंडावर उजेड असं. तसलं चित्र त्यांना कडेनं दिसू शकत होतं. फोटो दिसत नव्हते. आणि फोटोंत नलिनीबाई कुठं होत्या म्हणा. मी बघितले ते फोटो. सगळ्यांत त्या कडेला, कुणाचं तरी पोर धरून. हात कुठंच नाहीत, सगळे फोटो छातीपाशी कापलेले.

"आम्ही एकदा इटलीला गेलो होतो," डॉक्टर म्हणाले. "नलू अशाच एका चित्रापुढं अर्धा तास उभी होती. एका बाईचं चित्र. काय बघत होतीस विचारायला हवं होतं. मी बाहेर कॉफी प्यायला गेलो."

मग त्यांनी पिशवी दिली. नलिनीबाईंची नारायणपेठ साडी, वांग्याच्या रंगाची. सोन्याच्या पाटल्या. मंगळसूत्र. आणि एका रुमालात हिरव्या काचेच्या बांगड्या.

"हे घालाल ना, हौसाबाई?"

माझा नवरा जाऊन तेहतीस वर्षं झाली होती. दगडाच्या खाणीवर होता. मी सत्तावीस वर्षांची. तेव्हापासून माझ्या हातात काचेची बांगडी नव्हती. डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं. माझ्या गळ्यात काही दिसत नव्हतं, पण हल्ली कुणाच्याच दिसत नाही. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरं कुणी बघितलं असतं. पण साडी नेसून तीन तास न हलता बसणारी दुसरी एन्झोला मिळाली नसती, आणि डॉक्टरांपाशी दिवस नव्हते.

मी म्हटलं, "घालीन. काम आहे."

घरी कुणाला बोलले नाही. सूनबाई आज लिहिताना पहिल्यांदा ऐकतेय. तिनं पेन थांबवलंय. लिही म्हटलं.

बांगड्या चढवायला मी साबण घेऊन बसले होते. माझी हाडं रुंद. साबण लागलाच नाही. एक-एक करून आपसूक चढल्या. डॉक्टरांच्या बायकोचा हात माझ्याएवढा कसा, हे तेव्हा मला कळलं नाही. विचार पण केला नाही. हाताकडं बघायचंच नाही असं ठरवलं होतं.

तो सबंध हिवाळा मी नलिनीबाई होऊन बसले. फार गाढ बसायची मी त्या दिवसांत. साडीला कापराचा वास होता. बसल्या बसल्या मला त्यांचं घर दिसायचं, कधी न बघितलेलं, जिना दिसायचा, जिन्यावरून कुणीतरी उतरतंय असं वाटायचं. एन्झो खूश होता. म्हणायचा, दहा वर्षांत असा हात मी काढला नाही. तोंड त्यानं फोटोंवरून केलं, तेही सुरेख उतरलं. फेब्रुवारी संपता संपता त्यानं डॉक्टरांना निरोप दिला, येऊन बघा.

तो हा दिवस, पहिल्यांदा सांगितला तो. डॉक्टर आले, मथुताई बरोबर. मी कपडे बदलून बाजूला उभी. एन्झोनं फडकं काढलं.

डॉक्टरांनी मान खिडकीकडं वळवली आणि कडेनं चित्र बघायला लागले. बराच वेळ. तोंड बघायला एक पाऊल पुढं आले. 

मथुताई जवळ गेल्या. चष्मा वर केला. वरून खाली बघत आल्या आणि हातापाशी थांबल्या.

"बाळू, ही नलू नाही," म्हणाल्या.

"तोंड तर तिचंच आहे, ताई."

"तोंडाचं कोण बोलतंय. बसणं बघ. ही सवाष्ण बसलेली नाही. ही विधवा बसलीय."

मी चित्राकडं बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा हाताकडं बघितलं. उजव्या हातानं पदर ओढून घेतलेला, आणि डावं मनगट पदराखाली. चार बोटं तेवढी बाहेर. हिरव्या बांगड्यांची नुसती कड दिसत होती, ती पण सावलीत.

मथुताई माझ्याकडं वळल्या. "तुम्ही बसला होतात ना? मालक कधी गेले?"

"तेहतीस वर्षं झाली."

"कोपऱ्यात बसवलं होतं?"

"सव्वा महिना."

त्यांनी मान हलवली. हलायचं नाही आणि रिकामं मनगट कुणाला दिसू द्यायचं नाही, हे मी तिथं शिकले होते. दीर, जाऊबाई, येणारी-जाणारी माणसं, सगळ्यांसमोर. एन्झोनं विचारलेली सवय ती. बांगड्या घातल्या तरी हाताला ते कळलं नव्हतं. तो आपला त्याच्या जागी जाऊन बसला होता.

"तुम्हाला बरं कळलं," मी म्हटलं.

"मला नाही कळणार तर कुणाला?" मथुताईंनी शालीतून हात काढला नाही. "मीही अशीच बसते."

एन्झो मधे मधे विचारत होता, काय म्हणते ती, काय म्हणते. सांगायचं मलाच होतं. मी सांगितलं, हात चुकलाय. हा नवरा मेलेल्या बाईचा हात आहे, आणि त्यांचा तर नवरा जिवंत आहे, इथं उभा आहे.

तो चिडला. "मला वाटलं, ही खानदानी लाज आहे. राणीची लाज."

"राणीची नाही," मी म्हटलं. "माझी आहे."

तो खाली बसला. मग म्हणाला, रंग ओला आहे, खरवडता येईल. पण परत काढायचा, वाळायला द्यायचा, त्यावर परत पातळ थर द्यायचे. एप्रिल उजाडेल.

डॉक्टर म्हणाले, "एप्रिलपर्यंत मला दिसेल का, मला माहीत नाही."

मथुताई म्हणाल्या, "मग हेच राहू दे. तुला कुठं नीट दिसतंय."

"ताई, मला जेवढं दिसतंय तेवढ्यात तीच हवी."

एन्झोनं सुरी घेतली आणि माझ्यासमोर माझा हात खरवडून काढला. मला वाईट वाटलं. चांगला आला होता.

दुसऱ्या दिवसापासून परत बसले. हात कठडा म्हणून ठेवलेल्या फळीवर, बाहेर, उजेडात. पंधरा मिनिटं व्हायची आणि एन्झो ओरडायचा, "औसा, मानो." म्हणजे हात. बघते तर मनगट पदराखाली. कधी गेलं मला पत्ता नाही. त्यानं हातात गुलाब दिला. पुस्तक दिलं. लिंबू दिलं. जुन्या चित्रांत लिंबू पण असतं. गुलाब धरला तर मी गुलाब विकायला बसल्यासारखी दिसायची.

मी डॉक्टरांना विचारलं, "त्या कशा बसायच्या?"

डॉक्टर आता रोज यायचे, मथुताईंना घेऊन. कोपऱ्यात बसायचे. त्यांनी आठवायला सुरुवात केली. नलिनीबाईंना काय आवडायचं, कुठल्या दुकानातून भाजी आणायच्या, गाणं म्हणायच्या का, सगळं सांगितलं. बसायच्या कशा, ते आठवेना.

"चव्वेचाळीस वर्षं," म्हणाले. "आणि मी चव्वेचाळीस वर्षं डोळस होतो."

मथुताई म्हणाल्या, "आता त्याचं काय. आठव." पण त्यांनाही सांगता येईना. त्यांनी वहिनीला बघितली ती सुट्टीत, चार-पाच वेळा.

असे आठ-नऊ दिवस गेले. खिडकीतलं बर्फ पातळ व्हायला लागलं, छपरावरून पाणी ठिबकायला लागलं. डॉक्टर चित्रासमोर मान आणखी आणखी वळवायला लागले. आम्ही सगळे बघत होतो.

एक दिवस चहा झाला. एन्झोच्या कडक बिस्किटांचा चुरा टेबलावर पडला होता. मी तशीच उठले, साडीत, बांगड्यांत. डाव्या हाताची कड टेबलाला टेकवली, चुरा ओढत कडेला आणला आणि उजव्या तळव्यात घेतला. ही गोष्ट मी आयुष्यात हजारदा केली असेल. तुम्हीपण केली असेल. बांगड्या वाजल्या.

डॉक्टर खिडकीकडं बघत होते. म्हणजे मला कडेनं बघत होते. म्हणाले, "थांबा."

मी थांबले.

"हात तसाच. उचलू नका."

एन्झोला मराठी येत नव्हतं, पण त्यानं पेन्सिल घेतली.

डॉक्टर सांगायला लागले, मान न वळवता. या देशात आले तेव्हा त्यांची डॉक्टरकी इथं चालत नव्हती. परत परीक्षा द्यायच्या होत्या. नापास झाले, परत बसले, परत नापास झाले. एका खोलीत राहायचे, खोलीत एकच टेबल. नलिनीबाई एका लाँड्रीत दिवसभर हॉस्पिटलच्या चादरी पिळायच्या, त्यांच्या घड्या घालायच्या. संध्याकाळी येऊन स्वैपाक करायच्या, त्याच टेबलावर दोघं जेवायचे. जेवण झालं की त्या अशा हातानं टेबल झाडायच्या. मग डॉक्टर पुस्तकं उघडायचे.

"चार वर्षं," म्हणाले. "टेबल मोकळं झालं की मी अभ्यासाला बसायचो. मला वाटायचं, ते आपोआप मोकळं होतं."

मथुताई म्हणाल्या, "लाँड्री? तू तर पत्रांत लिहायचास, ती लायब्ररीत आहे."

"आईला काय लिहिणार होतो, ताई?"

"नलूनंही मला कधी सांगितलं नाही."

"मी सांगू नको म्हटलं होतं."

 छपराचं पाणी ठिबकत होतं. बांगड्या मला का बसल्या, ते मला तेव्हा कळलं. ओल्या चादरी पिळून, दाबून त्यांचे हात माझ्यासारखे रुंद झाले होते. चादरी त्यांच्या होत्या आणि माझ्या वाट्याला दुसरं काही होतं, एवढाच फरक.

तीन तास मी तशी राहिले, वाकून, हाताची कड टेबलावर. आयुष्यात तेवढी कधी दमले नाही. पण हात पदराकडं गेला नाही. त्याला काम होतं.

एन्झोनं चित्रात टेबलाच्या जागी कठडा केला आणि त्यावर हात ठेवला. मनगट सगळं बाहेर, हिरव्या बांगड्या उजेडात. बोटांचे सांधे जसे आहेत तसे. मागच्या बाजूला काळोख, साडी एखाद्या राणीची. चुरा त्यानं रंगवला नाही. तळवा नुसताच वळलेला, काहीतरी सांभाळून घेतल्यासारखा.

त्यानं डॉक्टरांना विचारलं, "जुन्या काळी श्रीमंत माणूस असल्या हाताचे पैसे देणार नाही. कपडे राणीचे, हात धोबिणीचे. बारीक करू का बोटं?"

मथुताईंना कळावं म्हणून मी ते मराठीत सांगितलं. त्यातला एक शब्द पण गाळला नाही.

डॉक्टर मराठीतच म्हणाले, "त्यांना सांगा, हात लावू नका त्या हाताला."

एप्रिल लागला तेव्हा चित्र झालं. डॉक्टरांना अजून दिसत होतं, थोडंसं. ते चित्रापुढं खुर्ची घेऊन बसले आणि तोंड पूर्ण दुसरीकडं, दरवाजाकडं वळवलं. बाहेरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, हा माणूस या चित्रावर रुसलाय. तसे ते सगळी दुपार बसून होते. उजेड गेला तरी एन्झो "फिनितो" म्हणाला नाही.

मथुताईंनी चष्मा वर करून हात बघितला. "हं," म्हणाल्या, "आता बसली." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हौसा, बांगड्या राहू देत हातात. जा घरी घालून. काही होत नाही."

मी उतरवल्या आणि रुमालात बांधून दिल्या. त्या नलिनीबाईंच्या होत्या. आणि मला वाटतं, हिंमत पण नव्हती. ते एक आता राहून गेल्यासारखं वाटतं. पण मनगट मी त्यानंतर झाकत नाही. कधी कधी ते जातं पदराखाली. आता मला कळतं एवढंच.

एन्झो दोन वर्षांनी गेला, मग ते काम संपलं. मथुताई पुण्याला परत गेल्या आणि तिकडं वारल्या. डॉक्टर गेल्या हिवाळ्यात गेले. मिसिसागाचं घर विकलं म्हणतात. मुलगी व्हँकुव्हरला असते, चित्र तिच्याकडं गेलं का घराबरोबर आणखी कुणाकडं, मला माहीत नाही. विचारायला मी त्यांची कोण?

पण हा अंक तिकडंपण जातो म्हणतात. म्हणून जो कुणी वाचेल त्याला सांगते. वांगी रंगाची साडी नेसलेली, कठड्यावर हात टेकलेली बाई तुमच्याकडं भिंतीवर असेल, तर तिला हार घालू नका. आपल्यात गेलेल्या माणसाच्या चित्राला घालतात, मला माहीत आहे. चंदनाचा पण नको, प्लास्टिकचा पण नको. हार बरोबर खाली हातांवर येतो. हात माझे आहेत, आणि मी अजून जिवंत आहे.